तुम्ही विचारलंत म्हणून: नर असतात कशासाठी?

"मॅडम, काही प्राण्यांना नराशिवाय पिल्लं होतात म्हणता, मग निसर्गानं नर केलेच कशाला?"

वीस-बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतेय, आणि दर वर्षी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. पूर्वी मी एका शब्दात सांगून मोकळी व्हायचे: वैविध्यासाठी. ते चूक नाही. पण वैविध्य कशाला हवं, आणि ते दर पिढीला नव्यानं का हवं, हे त्यातून काहीच कळत नाही. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

प्रश्न केवढा मोठा आहे हे मला स्वतःला मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारी बारीक कीड, बघताना कळलं. कॉलेजात असताना एका कोवळ्या शेंड्यावरचा मावा भिंगाखाली धरून बसले होते. एक मादी सोंड रुतवून रस ओढत होती, आणि तिच्या मागच्या टोकातून एक फिकट हिरवं पिल्लू बाहेर येत होतं. उलटं, पाठची बाजू आधी. थोड्या वेळानं त्याचे पाय सुटले, ते शेंड्यावर टेकलं आणि सरळ चालायला लागलं. आमच्या सरांनी सांगितलं की या आत्ता जन्मलेल्या पिल्लाच्या पोटातही पुढच्या पिढीचे गर्भ वाढायला लागलेत. म्हणजे आईच्या पोटात लेक आणि लेकीच्या पोटात नात. सगळ्या माद्या आणि सगळ्या एकमेकींच्या हुबेहूब प्रती. आठवड्याभरात तो शेंडा माव्याखाली दिसेनासा झाला.

आणि तरीही थंड प्रदेशात दिवस लहान व्हायला लागले की याच माव्याला नर होतात. ज्यांचं नरावाचून उत्तम चाललेलं असतं, तेसुद्धा वर्षातून एकदा त्याच्याकडे वळतात. याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं, आजही वाटतं.

आता हिशोब करू. जॉन मेनार्ड स्मिथ हे आधी विमानांचे इंजिनिअर होते, मग जीवशास्त्राकडे वळले. १९७०च्या दशकात त्यांनी हा हिशोब सगळ्यांपुढे ठेवला. समजा प्रत्येक आईची दोनच पिल्लं जगतात. जोडीनं प्रजनन करणारीला सरासरी एक मुलगा, एक मुलगी. मुलगा काही पिल्लं जन्माला घालत नाही, त्यामुळे पुढच्या पिढीतही आई एकच. एकटीनं प्रजनन करणारीला मात्र दोन मुली, मग चार नाती, मग आठ. दहाव्या पिढीला १,०२४. विसाव्या पिढीला दहा लाखांहून जास्त. तेवढ्या काळात जोडीवाली जिथल्या तिथे. शिवाय जोडीदार शोधण्यातला वेळ आणि जीवाचा धोका मी अजून धरलेलाच नाही. या हिशोबानं नर कधीच संपायला हवे होते. पण तुमच्या-माझ्या ओळखीचे बहुतेक सगळे प्राणी आणि वनस्पती दोघांच्या मेळातूनच जन्माला येतात.

इथे "पुढे कधीतरी हवामान बदललं तर वैविध्य उपयोगी पडेल" असं उत्तर द्यायचा मोह होतो. पुस्तकांतही ते सापडतं. मला ते पटत नाही. नैसर्गिक निवड पुढच्या हजार वर्षांची तरतूद करत नाही. या पिढीत दुप्पट तोटा होत असेल, तर तो भरून काढणारा फायदाही याच एक-दोन पिढ्यांत मिळायला हवा. म्हणजे असं काहीतरी हवं जे सतत आणि झपाट्यानं बदलतं, आणि ज्याच्यापासून कुणाचीच सुटका नाही.

असं एकच आहे: आपल्या अंगावर आणि अंगात राहणारे जीव. जंतू, कृमी, बुरशी. विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं १९८० साली ही कल्पना नीट मांडली, आणि मला ती उत्क्रांतीविषयीच्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. माणसाची एक पिढी पंचवीस वर्षांची. सगळं मनासारखं असेल तर ई. कोलाय हा जीवाणू वीस मिनिटांत दुभंगतो. आपण एकदा बदलतो तोवर जंतू हजारो वेळा बदललेले असतात. त्यांच्या पुढच्या पिढ्यांत कोण टिकतं? ज्याला समोरच्या यजमानात सहज शिरता येतं तो. आणि समोर सर्वांत जास्त संख्येनं कोण असतं? जो यजमान गेल्या काही पिढ्यांत यशस्वी ठरला त्याच्या प्रती. म्हणजे आईला मिळालेलं यशच तिच्या हुबेहूब लेकीला धोक्यात घालतं. परजीवींना आई पाठ झालेली असते. लेक जर आईसारखीच असेल, तर तिच्यासाठी त्यांना नव्यानं काही शिकावं लागत नाही. ती अर्धी वेगळी असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वेगळेपण चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही, ते दुर्मीळ आहे एवढंच पुरतं. आज जे दुर्मीळ ते उद्या वाढतं, वाढलं की परजीवींच्या नजरेत येतं, आणि चक्र पुढे सरकतं.

कल्पना सुंदर असली म्हणून खरी ठरत नाही. तिची परीक्षा घेणाऱ्यांत माझी सर्वांत आवडती आहे न्यूझीलंडच्या तळ्यांतली एक चिमुकली गोगलगाय. जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची, काळपट, टोकदार शंखाची. हिच्यात दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात: काही माद्या नराशी मीलन करून पिल्लं देतात, काही एकट्यानंच. वरून बघून फरक ओळखता येत नाही, पेशीतल्या गुणसूत्रांचे संच मोजावे लागतात. जोडीवाल्यांत दोन, एकटीत बहुधा तीन.

या गोगलगायीचा वैरी म्हणजे एक चपटा कृमी. त्याची अंडी बदकांच्या विष्ठेतून तळ्यात पडतात. गोगलगाय दगडावरचं शेवाळ खरवडताना ती गिळते. आतड्यात अंडं फुटतं, अळी प्रजननाच्या अवयवांकडे सरकते आणि तिथे स्वतःच्या प्रती काढायला लागते. अंडाशयाची जागा हळूहळू कृमीच घेतो. काही महिन्यांनी अशा गोगलगायीचा शंख फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आत शेकडो गोल पुटकुळ्या एकमेकींना चिकटून भरलेल्या दिसतात. गोगलगाय मेलेली नसते. ती चरते, चालते, पण तिला पिल्लू कधीच होत नाही. उत्क्रांतीच्या हिशोबात ती त्याच दिवशी संपली. मग बदक तिला खातं, कृमी बदकाच्या आतड्यात मोठा होतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

कर्टिस लाइव्हली या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं वेगवेगळ्या तळ्यांतल्या आणि ओढ्यांतल्या गोगलगायी गोळा करून मोजल्या. १९८७ साली त्यानं दाखवलं की जिथे हे कृमी जास्त, तिथे नरही जास्त. पुढे आणखी बारकाईनं पाहिलं तर एकाच तळ्यात हा फरक सापडला. काठाजवळच्या उथळ पाण्यात बदकं चरतात, कृमीचा फेरा पूर्ण होतो, तिथे जोडीनं प्रजनन करणाऱ्या गोगलगायी जास्त. खोल पाण्यात बदकं फारशी पोचत नाहीत, तिथे एकट्या माद्या. आणि ज्या एकट्या माद्यांचा वंश एकेकाळी तळ्यात सर्वांत जास्त फोफावला होता, तोच काही वर्षांत कृमींना सर्वांत जास्त बळी पडू लागला आणि मागे पडला. हॅमिल्टननं कागदावर मांडलेलं चक्र तळ्यात फिरताना दिसलं.

बेल्जियममधल्या एका तळ्याच्या गाळात तर हाच झगडा थरांमध्ये जपून राहिलेला सापडला. डॅफ्निया नावाचा पाण्यातला बारीक जीव आपली टिकाऊ अंडी तळाशी टाकतो आणि ती कित्येक वर्षं जिवंत राहतात. त्याच गाळात त्याला ग्रासणाऱ्या जीवाणूचे बीजाणूही असतात. संशोधकांनी गाळाचे थर कापले, प्रत्येक थरातली जुनी अंडी उबवली आणि त्यांची गाठ वेगवेगळ्या थरांतल्या जीवाणूंशी घालून दिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं की जीवाणू सर्वांत घातक ठरला तो आपल्याच काळातल्या डॅफ्नियाला. आधीच्या आणि नंतरच्या थरांतल्या जीवाणूंचं तिथे तितकं चाललं नाही. दोघंही सतत बदलत होते आणि कुणीच कायमचं पुढे जात नव्हतं. अशा धावण्याला जीवशास्त्रात 'रेड क्वीन' म्हणतात. ली व्हॅन व्हेलन यांनी १९७३ साली हे नाव एका बालकथेतल्या राणीवरून घेतलं. तिच्या राज्यात आहे त्याच जागी राहायलाही जिवाच्या आकांतानं पळावं लागतं.

प्रयोगशाळेतही हे पडताळलं गेलं. एक मिलिमीटरचा एक सूत्रकृमी आहे, जो स्वतःच्याच शुक्रजंतूंनी स्वतःची अंडी फलित करू शकतो, किंवा नराशी मीलनही करू शकतो. त्याच्यासोबत एक घातक जीवाणू ठेवला आणि जीवाणूलाही बदलू दिलं. ज्या सूत्रकृमींना फक्त स्वफलनच शक्य होतं, त्यांचे सगळे गट वीस पिढ्यांच्या आत नष्ट झाले. नराशी मीलन करणारे टिकले. हे २०११चं काम.

मग विचारणारा हमखास अडवतो: नराशिवाय कोट्यवधी वर्षं जगलेलं कुणीच नाही का? आहे. डेलॉइड रोटिफर. शेवाळात, ओल्या मातीत राहणारा, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा जीव. त्यांचा नर आजवर कुणी पाहिलेला नाही. त्यांच्यावरही एक बुरशी पडते आणि आख्खी वसाहत मारते. पण रोटिफरला एक गोष्ट जमते जी बुरशीला तितकी जमत नाही: ठणठणीत वाळून जाणं. पाणी आटलं की तो आक्रसून धुळीच्या कणासारखा होतो, वाऱ्यावर उडतो, आणि दुसरीकडे ओल मिळाली की पुन्हा हालचाल करू लागतो. जितका जास्त काळ वाळलेला राहील, तितकी बुरशी मागे सुटायची शक्यता जास्त, असं २०१० साली दोन संशोधकांनी दाखवलं. मला या अपवादानं मूळ कल्पना मोडल्यासारखी वाटत नाही, उलट बळकट झाल्यासारखी वाटते. परजीवीपासून सुटायला कुणी वेगळी लेक जन्माला घालतं, कुणी वाऱ्यावर निघून जातं.

सगळं श्रेय परजीवींनाच देऊ नका, एवढंही सांगून ठेवते. नुसत्या प्रती काढत राहिलं की चुका साठत जातात, आणि दोघांची जनुकं मिसळली की त्या निवडून काढणं सोपं जातं. हेही कारण खरं आहे, आणि बहुधा दोन्ही मिळून काम करतात.

हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होते. घरात मात्र ते एका कागदावर समोर आलं. माझ्या मोठ्या भावाला रक्ताचा आजार झाला आणि अस्थिमज्जा बदलावी लागणार असं ठरलं. धाकट्या बहिणीचं आणि माझं रक्त तपासायला गेलं. जुळवून बघतात ती एचएलए जनुकं, जंतू ओळखण्याच्या कामातली. माणसात सर्वांत जास्त प्रकार याच जनुकांचे, हजारोंनी आहेत, आणि ते इतके असण्यामागे जंतूंचाच हात आहे असं मानतात. आईकडून एक संच येतो, वडिलांकडून एक. सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक. धाकटीचे जुळले. माझे नाही.

आई कागद हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "अगं, तिघं माझीच ना? मग तू का नाही जुळत?"

तिचंही रक्त तपासलेलं होतं. मी चारही कागद तिच्यापुढे मांडले आणि पेन दिलं. तिच्या कागदावरची जनुकांच्या प्रकारांची नावं बघून बघून तिनं आमच्या कागदांवर तिच्याकडून आलेल्या नावांखाली रेघा ओढल्या. दादाच्या, माझ्या आणि धाकटीच्या कागदावर रेघा अगदी त्याच नावांखाली आल्या. मग तिनं रेघ नसलेली नावं वाचली. दादाची आणि धाकटीची सारखी होती. माझी वेगळी. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आईनं माझ्या कागदावरच्या त्या नावांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे हे त्यांचं."