फादर नाव सांगत नाहीत

शनिवार, रात्री

मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपल्यावर दारात पुन्हा तोच घोळका, तोच प्रश्न: "फादर, मत कुणाला द्यायचं ते एकदाचं सांगून टाका ना." फादर हसले. "प्रार्थना करा, वाचा आणि मत द्यायला मात्र नक्की जा," एवढं बोलून आत गेले. मागे कुरकुर सुरू झाली. मला उलट बरं वाटलं. धर्मगुरूंनी पक्षीय राजकारणात सहसा पडू नये, असं चर्चचा कायदाच सांगतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ साली लिहिलं होतं की आपलं काम लोकांचा विवेक घडवण्याचं आहे, त्याची जागा घेण्याचं नाही. (तिथे विषय कुटुंबाचा होता, पण मतदानालाही ते चपखल बसतं.)

तरी "माझा विवेक सांगतो" हे वाक्य आम्हा कॅथॉलिकांत फार स्वस्त झालंय. पक्ष आधीच ठरलेला असतो, विवेकाला मागाहून सहीपुरतं बोलावतात. चर्चचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ विवेकाचं ऐकलंच पाहिजे म्हणतो. पण तो विवेक चुकू शकतो आणि सत्य शोधायची फिकीरच केली नसेल तर दोष आपल्याच माथी, हेही तिथेच लिहिलंय. तेवढं कुणी पाठ करत नाही. इंग्लंडमधले कॅथॉलिक धर्मगुरू न्यूमन यांचंही तसंच. पोपचे अनुयायी देशाशी एकनिष्ठ कसे राहणार, या ब्रिटनचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या आरोपाला त्यांनी १८७५ साली उत्तर दिलं: पेला उंचवायचाच तर आधी विवेकासाठी, मग पोपसाठी. लोक इथेच थांबतात. त्याच लेखात मनमानीला विवेक म्हणणाऱ्यांचा त्यांनी चांगलाच समाचार घेतलाय.

संध्याकाळी दोन्ही जाहीरनामे घेऊन बसले. एकात गर्भातल्या बाळाच्या रक्षणाबद्दल ठाम शब्द, आणि चार पानं उलटली की निर्वासितांना परत धाडण्याचं वचन. दुसऱ्यात घर, मजुरी, आजारपण यांची खरी आस्था, पण गर्भपाताबद्दलचं धोरण माझ्या श्रद्धेला मुळीच न पटणारं. पेन्सिलीने खुणा करत गेले. समासात 'हो' आणि 'नाही' दोन्हीकडे जवळजवळ सारखेच.

कार्डिनल रात्सिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी २००४ साली याचा नेमका उलगडा केला होता. उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे म्हणूनच त्याला मत दिलं, तर आपण त्या पापात सामील. ती भूमिका अमान्य असूनही इतर कारणांसाठी दिलं, तर तो दूरचा सहभाग, आणि तोही कारणं तितकीच वजनदार असतील तरच चालतो. तितकीच वजनदार! किती म्हणजे पुरेसं, ते कोण ठरवणार? मीच. बाकी सगळं सोपं, हेच अवघड. मला सुचलेली वाट अशी: आधी ते पद काय करू शकतं ते पाहायचं. जे पद गर्भपाताच्या कायद्याला हातही लावू शकत नाही, तिथे तोच एक निकष लावणं म्हणजे बाकीच्या माणसांकडे पाठ फिरवणं. आणि जे पद लावू शकतं, तिथे "इतरही मुद्दे आहेत की" म्हणून मला सुटता येणार नाही.

धाकट्या भावाचा मेसेज आला: ताई, दोघेही नकोत, घरीच बस. मोह होतो, खोटं का बोलू? पोपचं राज्य गेल्यावर चर्चनेच इटलीतल्या कॅथॉलिकांना राष्ट्रीय निवडणुकांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ते बंधन पुरतं उठलं १९१९ साली. आज धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२४० व्या परिच्छेदात कर भरणं, मतदान करणं आणि देशाचं रक्षण करणं ही कर्तव्यं एका दमात येतात. तरी कर बुडवणाऱ्याला आपण नावं ठेवतो, मत बुडवणाऱ्याला नाही.

त्याला कळवलं, जाणार आहे. वरच्या पदाचं माझं ठरलंय, ते इथे लिहीत नाही. खालच्या पदांच्या यादीतली नावं मात्र वाचायची राहिलीत, आणि त्यातल्या एकाचं मी आजवर फक्त पोस्टरच पाहिलंय.