धौलाधार उत्तरेला, ऊन दक्षिणेला: इंदूरहून पालमपूरला घर बघायला

हिमाचलच्या कांगडा खोऱ्यातल्या पालमपूरला भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालक सगळ्यात आधी खिडकी उघडतो. समोर धौलाधारची डोंगररांग उभी असते, इतकी जवळ की क्षणभर भाड्याचं बोलणंच राहून जातं. आम्ही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आणि नंतर जानेवारीत, असं दोनदा तिथे राहून अकरा घरं पाहिली. घरच्यांसह डोंगरात जाऊन राहायचा विचार इंदूरची बरीच मराठी घरं हल्ली करू लागली आहेत. त्यांच्यासाठी पहिली गोष्ट हीच: पालमपूरला डोंगर उत्तरेला आहे. ज्या खोलीतून तो दिसतो तिचं तोंड उत्तरेकडे असतं, आणि हिवाळाभर तिच्यात ऊन येत नाही.

हे आकड्यात सांगतो. डिसेंबरच्या शेवटी इंदूरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर असतो, पालमपूरला ३४-३५ अंशांवर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खूप आतवर येतं, पण समोर काही आडवं नसेल तरच. दक्षिणेला दहा मीटर उंच, म्हणजे साधारण तीन मजली इमारत असेल, तर तिची भर दुपारची सावली साडेचौदा मीटरपर्यंत पडते. इंदूरला तीच सावली साडेदहा मीटरच्या आत असते. घर बघायला सकाळी अकराच्या सुमारास जावं, मोबाइलमधलं होकायंत्र उघडावं, दक्षिण कुठे ते बघावं आणि तिकडे काय उभं आहे ते पावलांनी मोजावं. रिकामा प्लॉट असेल तर तो कुणाचा, तिथे काय बांधणार आहेत, हेही विचारावं. स्वयंपाकघर आणि म्हाताऱ्या माणसांची खोली दक्षिणेला, बैठकीची खोली उत्तरेला, अशी मांडणी मिळाली तर डोंगरही मिळतो आणि ऊनही. अकरांपैकी दोनच घरांत ती मिळाली.

पालमपूरच का, पचमढी का नाही, हे इंदूरला सगळेच विचारतात. पचमढी जवळ आहे, पिपरियाला उतरलं की पन्नासेक किलोमीटर. तिथलं धूपगड शिखर १,३५२ मीटर उंच आहे, हवा सुरेख आहे, आणि चार दिवस जायला आम्हाला अजूनही तीच आवडते. पण गाव छावणीच्या आणि वनक्षेत्राच्या मधे अडकलेलं, भाड्याने देण्याजोगी घरं थोडी, आणि मोठ्या दुखण्याला दरवेळी घाट उतरायचा. मुलांची शाळा आणि आजी-आजोबांचं औषधपाणी सोबत घेऊन जाणाऱ्या घराला ते झेपत नाही. कांगडा खोऱ्यात धरमशाला, बीर आणि कांगडा हीही गावं पाहिली. धरमशालेला वरच्या अंगाला गर्दी आणि चढ फार. बीरला पॅराग्लायडिंगवाल्यांचा राबता, त्यामुळे वर्षभरासाठी घर देण्यापेक्षा लोकांना रोजच्या भाड्यावर खोल्या देणं परवडतं. कांगडा खाली आहे, उन्हाळ्यात चांगलंच तापतं. पालमपूर सुमारे १,२२० मीटरवर, चहाच्या मळ्यांत वसलेलं. कृषी विद्यापीठ आणि हिमालयी जैवसंपदा संस्था तिथे असल्यामुळे बदलीवर आलेली नोकरदार कुटुंबं आधीपासून राहतात. भाडेकरू ठेवायची सवय असलेलं गाव निवडावं, त्यात अर्धी डोकेदुखी वाचते.

प्रवास सोपा आहे. मालवा एक्सप्रेस इंदूरहून दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी पठाणकोट कँटला सोडते, गाडी बदलावी लागत नाही. पठाणकोट कँट आणि पठाणकोट जंक्शन ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. बसस्टँड जंक्शनच्या बाजूला, म्हणून कँटहून ऑटो करावी लागते. तिथून नूरपूर, शाहपूर, नगरोटा करत पालमपूर साधारण ११५ किलोमीटर, बसने चार तास धरावेत. नॅरोगेजची कांगडा खोऱ्याची गाडी १९२९ पासूनची आणि देखणी आहे, पण चक्की नदीवरचा तिचा पूल ऑगस्ट २०२२ च्या पुरात पडला. सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असताना तिच्या भरवशावर बेत आखू नये.

जायचं ते पहिल्यांदा पावसाळ्यातच. मे महिन्यात पालमपूर पाहिलं तर प्रत्येक घर पसंत पडतं. इंदूरला वर्षाला हजारेक मिलीमीटर पाऊस, पालमपूरला सुमारे २,५००, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मालव्यात रात्री गार पडतात, पण भिंती कोरड्या असतात. थंडीची तयारी आपण रजया-स्वेटर घेऊन करतो, ओलीची करत नाही. खरा त्रास ओलीचाच होतो.

ती ओळखायची कशी? घरात शिरल्यावर आधी भिंतीतलं कपाट उघडून वास घ्यावा. मग उत्तरेच्या भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर तळहात लावून थोडा वेळ थांबावं. खालच्या मीटरभर पट्ट्यात रंगाचे पोपडे असतील तर पाणी जमिनीतून वर चढतंय. वर, छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर स्लॅब गळतोय किंवा खोलीला वारा नाही. नुकताच रंग दिलेला असेल तर पलंग किंवा कपाट सरकवायला सांगावं, त्यामागे सहसा रंग दिलेला नसतो. आणि डोंगरातल्या घराची एक खोड लक्षात ठेवावी. रस्ता वर असतो, घर खाली उतारावर. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरतो तो कधीकधी तिसरा मजला असतो. खालच्या मजल्यांची मागची भिंत थेट डोंगराच्या मातीला टेकलेली असते आणि बाराही महिने ओली राहते. भाडं कमी सांगतात ते याच मजल्यांचं. मागची भिंत आणि डोंगर यांच्यात माणूस चालू शकेल एवढी मोकळी पट्टी आणि खाली वाहती नाली असेल तरच तो मजला घ्यावा.

त्याच उतारावर माती अडवायला दगडी भिंत बांधलेली असते. तिला तिकडे डंगा म्हणतात. डंग्यात ठरावीक अंतरावर पाइपांची भोकं हवीत, म्हणजे मागे साचलेलं पाणी बाहेर पडतं. भोकं नसतील किंवा मातीने बुजली असतील तर पावसात भिंतीमागे पाण्याचा दाब वाढतो आणि डंगा आधी पोटात फुगतो, मग कोसळतो. फुगलेला डंगा बाजूने पाहिला की डोळ्यांना कळतो. जुलैत भोकांतून पाणी ठिबकताना दिसलं तर ते चांगलं लक्षण. घराजवळ खड्ड म्हणजे ओढा, किंवा कूल्ह म्हणजे शेताचा पाट असेल, तर पूर्वी पाणी कुठवर आलं होतं ते घरमालकाऐवजी शेजारच्या दुकानदाराला विचारावं.

भूकंपाचं हलक्यात घेऊ नका. ४ एप्रिल १९०५ च्या सकाळी कांगड्याला झालेल्या भूकंपात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. हा भाग देशाच्या भूकंप नकाशात वर्षानुवर्षं सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात दाखवला आहे. घर खांबांवर असेल तर खांब मोजावेत. उतारावरच्या घराचे डोंगराकडचे खांब आखूड आणि दरीकडचे लांब असतात. जमीन हादरली की आखूड खांब कडक असल्यामुळे जास्त जोर ओढून घेतात आणि तेच आधी फुटतात. खाली नुसते खांब आणि मोकळं पार्किंग, वर भरगच्च दोन-तीन मजले, असं घर कितीही सुंदर असलं तरी सोडून द्यावं.

पाण्याचा प्रश्न इंदूरच्या माणसाला नवा नाही. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड भरून ठेवण्यात आपली उमर गेली आहे. पण डोंगरातलं गणित उलटं आहे. तिथे ऐन पावसाळ्यात नळ बंद पडतो. ओढ्यातून पाणी उचलतात तिथे पूर आला की पाइप वाहून जातात किंवा इतका गाळ येतो की पुरवठा थांबवावा लागतो. बाहेर धो-धो पाऊस आणि घरात बादली रिकामी. म्हणून "पानी की कोई दिक्कत नहीं" हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नये. मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये सलग किती दिवस नळ आला नव्हता, हे विचारावं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चौघांना ५४० लागतात, तीन दिवसांचे १,६२०. म्हणजे दोन हजार लिटरची टाकी फक्त तुमच्या मजल्याची हवी. तीन भाडेकरूंत मिळून एक टाकी असेल तर भांडण ठरलेलं. टाकीचं झाकण तारेने बांधलेलं आहे का ते गच्चीवर चढून बघावं. माकडं झाकण काढतात, आत उतरतात. तेच पाणी मग स्वयंपाकघरात येतं.

गच्चीवरून उतरताना पायऱ्या मोजाव्यात, आणि रस्त्यापासून दारापर्यंतच्याही. घरगुती गॅसच्या सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि भरलेल्या सिलेंडरचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं. साठ पायऱ्या म्हणजे जवळजवळ तीन मजले. सिलेंडरवाला दारात आणून देतो की रस्त्यावर ठेवून जातो, हे घर ठरवण्याआधी कळायला हवं. गुडघेदुखी असलेल्या आजींना या उंचीवर श्वासाचा त्रास सहसा होत नाही, त्या पायऱ्यांनी घरात अडकतात.

दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नये. रोजच्या आजाराला गावातलं सरकारी रुग्णालय आणि खाजगी डॉक्टर पुरतात. मोठ्या कामाला टांडा इथलं राजेंद्र प्रसाद सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तीसेक किलोमीटरवर. आम्ही तो रस्ता एकदा दुपारी आणि एकदा पावसात रात्री आठनंतर टॅक्सीने जाऊन घड्याळ लावून पाहिला, आणि दोन वेळांत फार फरक पडला. आपल्या दाराशी ॲम्ब्युलन्स उभी राहू शकते का, हेही त्याच टॅक्सीवाल्याला विचारून घ्यावं. टांड्याच्याही पुढची गरज पडली तर चंडीगड, म्हणजे सहा-सात तास. घरात हृदयविकाराचं किंवा डायलिसिसचं कुणी असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: पालमपूर नको, डेहराडूनसारखं मोठं शहर बघावं.

शाळेचं थोडक्यात. मूल सीबीएसईत असेल तर तिकडे सीबीएसईच्या शाळा मिळतात. बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, म्हणून नववी-दहावीच्या किंवा अकरावी-बारावीच्या मधे शाळा बदलू नये, त्यासाठी बोर्डाची परवानगी काढत बसावं लागतं. हिमाचलात शाळांच्या मोठ्या सुट्ट्या गावाच्या हवामानाप्रमाणे बदलतात. दिवाळीला किंवा मेमध्ये इंदूरला यायचं गृहीत धरू नका, आधी शाळेचं वेळापत्रक मागून घ्या.

आता जमीन. घर आवडलं की दलाल लगेच प्लॉट दाखवायला नेतो. हिमाचलच्या १९७२ च्या कुळकायद्याचं कलम ११८ सांगतं की जो हिमाचलात शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. मध्य प्रदेशात तुमच्या नावावर सातपिढ्यांची शेती असली तरी ती इथे धरत नाहीत. परवानगी मिळाली तर राहत्या घरासाठी ५०० चौरस मीटरपर्यंत, आणि ज्या कामासाठी घेतली त्यासाठी ती दोन वर्षांत वापरावी लागते, फार तर एक वर्ष वाढवून मिळतं. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन मुखत्यारपत्र करून देऊ, असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरावं. असा व्यवहार कायद्याने रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होते, पैसे जातात ते वेगळे. मालकी हवीच असेल तर हिमुडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेची घरं कधी निघतात यावर लक्ष ठेवावं. आमच्या मते एक हिवाळा आणि एक पावसाळा भाड्याने काढल्याशिवाय त्याचीही घाई करू नये. भाडेकरार लेखी करावा आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी पहिल्या आठवड्यातच उरकावी, आधार आणि फोटोच्या प्रती सोबत ठेवाव्यात.

खाण्यापिण्याची काळजी नाही. राजमा, लाल तांदूळ आणि कांगडा चहा तिथलाच उत्तम मिळतो. ज्वारीचं पीठ, गोडा मसाला आणि आमसुलं मात्र इंदूरहून न्यावी, आणि पावसाळ्याआधी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरावी. पिशवीत ठेवलेल्या पिठाला पंधरा दिवसांत जाळी धरते.

सामान हलवायचं तर ट्रक पालमपूरच्या मुख्य रस्त्यापर्यंत येतो. पुढे गल्लीत छोटा टेम्पो, आणि शेवटी पायऱ्यांवरून हमाल. ट्रकवाल्याशी बोलताना हे तीन टप्पे वेगळे सांगून दर ठरवावा, नाहीतर वर पोचल्यावर अडवणूक होते. फ्रिज आणि वॉशिंग मशीनची रुंदी मोजून त्या घराच्या जिन्याच्या वळणाशी ताडून पाहावी. स्टीलची कपाटं न्यावीत आणि भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवावीत, म्हणजे मागे वारा खेळतो. प्लायवूडची नेऊ नयेत, पहिल्याच ऑगस्टमध्ये त्यांचे पापुद्रे सुटतात.