तुम्ही विचारलंत म्हणून: सही कशाला?

"ताई, एवढंसं नाव भरायचं, त्याला सही कशाला?"

दुकानात आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. तुम्ही घरून चांगल्या ब्रँडचं जॅकेट नाहीतर टी-शर्ट आणता, त्यावर नाव किंवा कंपनीचा लोगो भरून मागता, आणि मी छापील कागद पुढे करते: भरतकाम करताना कपड्याला काही झालं तर दुकान जबाबदार नाही. बरेच जण न वाचता सही करतात. काही जण दुखावतात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ "तुमचाच तुमच्या हातावर भरवसा नाही" असं म्हणून टी-शर्ट उचलून निघून गेले. ते मला फार लागलं. म्हणून एकदा सगळं सांगते.

कंपनीची शंभर टी-शर्टांची ऑर्डर असते तेव्हा माल मीच घेते आणि दोन-तीन नग जास्तीचे ठेवते. पहिल्या नगावर कापड चुण्या धरतंय असं दिसलं की पंचिंग, म्हणजे टाके कुठे कसे पडायचे याचा मशीनला दिलेला नकाशा, सुधारते, टाके थोडे विरळ करते, कापडाला आधार म्हणून खाली लावलेला पेपर बदलते. तुमच्या जॅकेटला जास्तीचा नग नसतो. मला जे शिकायचं ते तुमच्याच कपड्यावर शिकावं लागतं.

एका मुलाने मला ऐकवलं होतं, की लाकोस्त या ब्रँडच्या शर्टावर १९३३ पासून मगर बसलेली आहे, तिच्यामुळे शर्ट फाटला असं कुणी ऐकलंय का? नाही ऐकलं. पण कारखान्यात छातीचा भाग कापून झाला की तो सपाट असतानाच त्यावर भरतात आणि मग बाह्या, कॉलर जोडतात. नाहीतर बिल्ला वेगळा भरून वरून शिवतात. माझ्याकडे येतो तो शिवून तयार झालेला कपडा. आत अस्तर, खिसा, चेन, शिवणीवर चिकटवलेली पट्टी. हे सगळं बाजूला सारून मला रिंग, म्हणजे भरताना कापड ताणून धरणारी चौकट, लावायची असते.

यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण खरं सांगायचं तर कागद या कारणाने छापलेला नाही.

२०१९ च्या जूनमधली गोष्ट. जवळच्याच एका कारखान्यातले दोघे जण जॅकेट घेऊन आले. त्यांच्या खात्यातले सुपरवायझर शनिवारी रिटायर होत होते. तीसहून जास्त वर्षं हा माणूस पावसापाण्यात दुचाकीवर कामाला आला, म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी पावसाळी जॅकेट घेतलं होतं. साडेसहा हजारांचं, नावाजलेल्या ब्रँडचं, गडद निळं, आतून पाणी अडवणारा लेप. डाव्या छातीवर ब्रँडची खूण होती, उजवीकडे मराठीत नाव हवं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत.

पावसाळी कापडात सुई घातली की प्रत्येक टाक्याला एक भोक पडतं आणि तिथून पाणी आत झिरपू शकतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम हातचं गेलं असतं, आणि त्या महिन्यात मशीनचा हप्ता थकला होता. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

नावात 'भ' होता. अक्षर लहान असलं की भरताना 'भ'ची गाठ बुजते आणि त्याचा 'म' होतो. साहेबांच्या निरोपाच्या जॅकेटावर नाव चुकीचं वाचलं जाऊ नये म्हणून त्या एका गाठीवर मी अर्धा तास घालवला. शिरोरेषा वेगळी घेतली, गाठीखालचे टाके कमी केले, चिंधीवर दोनदा भरून पाहिलं. सुरेख उतरलं. मग रिंग लावली आणि मशीन सुरू केलं. जॅकेटच्या आत हात घालून चाचपायचं राहिलं.

तिसऱ्या अक्षराला मशीनचा आवाज जड झाला. मला वाटलं, शिवण आली असेल. बाराशे-तेराशे टाके झाले, रिंग काढली, उलटं करून पाहिलं तर आतला चेनचा खिसा नावाच्या मागे पक्का शिवला गेला होता.

रात्री साडेदहापर्यंत मी मागून बॉबीनचा धागा ब्लेडने कापत आणि चिमटीने ओढून काढत बसले होते. सुती कापड असतं तर वाफ देऊन, नखाने घासून भोकं बरीचशी मिटली असती. लेपाच्या कापडाचं तसं नसतं. तिथे एकदा पडलेलं भोक राहतंच. ट्यूबलाइटसमोर धरलं तर साहेबांचं अख्खं नाव उजेडाच्या ठिपक्यांत वाचता येत होतं, 'भ'च्या गाठीसकट.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या कापडावर नाव भरून त्याचा बिल्ला त्या जागेवर शिवला. बिल्ला बिल्ल्यासारखाच दिसत होता. ते दोघे आले तेव्हा मी सगळं सांगितलं, खिशाचंही. भोकांतून पाणी येईल, हे मात्र तेव्हाही घशातच राहिलं. निम्मे पैसे देऊ केले. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "राहू द्या. साहेबांना आम्ही काही सांगणार नाही." तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. ते जॅकेट त्या पावसाळ्यात कुणी घातलं का, आणि घातलं तर खांदा-छाती भिजली का, हे मी कधी विचारायला गेले नाही.

कागद त्यानंतरच्या सोमवारी छापून आणला.

म्हणजे चूक माझ्या हाताची, आणि कागदावर लिहिलं कपड्याबद्दल. दुकान उघडलं त्या वर्षीची मी हा कागद पाहून चिडले असते. आईने मला साखळी टाका शिकवला तेव्हा टाका चुकला की ती बोलायची नाही, नुसतं उसवून परत हातात द्यायची. ज्याने बिघडवलं त्यानेच भरून द्यायचं, एवढंच मला माहीत होतं. त्या वेळच्या मला मी आज म्हणते, बाई, साडेसहा हजारांचं एक जॅकेट भरून देता येईल, महिन्याला तीन नाही. ती म्हणते, मग घेऊ नकोस काम. दोघींचंही मला पटतं, म्हणून मी काम घेते आणि कागदही पुढे करते.

आता काही गोष्टी मी करते. पावसाळी कपडा असेल तर भोकांचं आधी तोंडाने सांगते, आणि त्यामुळे गिऱ्हाईक जातं. रिंग लावण्याआधी आतून हात फिरवते, दोनदा. आवाज बदलला की मशीन थांबवते.

परवा कॉलेजातली एक मुलगी डेनिमचं जॅकेट घेऊन आली. तिने कागद शेवटपर्यंत वाचला. "ताई, चूक तुमच्या हातून झाली, तरी जबाबदारी माझीच?"

मी म्हटलं, "मी सगळं तपासून घेते गं."

"मग तसं लिहा ना यात."

मी पेन घेतलं आणि तिच्या कागदावर छापलेल्या मजकुराखाली हाताने लिहिलं: 'खिसे व अस्तर तपासले आहे. ते शिवले गेल्यास दुकान भरून देईल.' खाली माझी सही केली, मग तिने केली. बाकीचे कागद अजून जुनेच आहेत, गल्ल्याखाली साठ-सत्तर तरी असतील.