कयाकचं सोवळं

“ही शेवटची कुठल्या पाण्यात उतरली होती?”

गेल्या शनिवारी सकाळी आठला, न्यूझीलंडमधल्या रोटोरुआजवळच्या एका तळ्याच्या काठावर पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांनी मला विचारलं. ‘ही’ म्हणजे आमची लाल, सेकंडहँड कयाक, वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. म्हटलं, कारापिरो जलाशयात, गुरुवारी संध्याकाळी. धुतली का? हो. वाळली? त्यालाही ठणकावून हो म्हटलं. आजोबांनी काही न बोलता सीटखाली हात घातला, फोम दाबला आणि ओली बोटं माझ्यासमोर धरली. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, सोमवारी या.

हॅमिल्टनहून दीड तास गाडी चालवून आलो होतो. टपावर कयाक, डब्यात पोळी-भाजी, आणि वल्हं पाण्याला न लावता परत! अख्खा रस्ता मी बडबडत होते. एवढ्याशा फोमसाठी? इथल्या हजारो गाईंचं मूत जमिनीत मुरून नद्यांत उतरतं, त्यावरून दर निवडणुकीत भांडणं होतात, आणि माझ्या स्पंजाचा एवढा विटाळ?

‘विटाळ’ तोंडातून गेलं आणि मलाच हसू आलं.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आजीचं सोवळं उंच दांडीवर वाळत असायचं. काठीने घालायचं, काठीनेच काढायचं. खेळता खेळता कुणाचा हात लागला की पुन्हा पिळून वाळत. आम्ही मुलं मुद्दाम लावायचो. आता आमच्या गॅरेजमध्ये कयाक उलटी टांगलेली असते आणि मुलगा ओले बूट घेऊन जवळ गेला की मी आजीच्याच आवाजात ओरडते. आधी नजरेने तपासायची, शेवाळाचा धागाही राहू द्यायचा नाही. मग नळाच्या पाण्याने गवतावर धुवायची, गटाराकडे ओघळ जाता कामा नये. हाताला कोरडी लागली की तिथून पुढे ४८ तास मोजायचे. मी गुरुवार रात्रीपासून मोजले होते, फोम धरलाच नव्हता. तरीही शनिवारी सकाळी ४८ भरत नाहीत, हे मला गणित येत असल्यामुळे माहीत होतं. असो.

हे सगळं एका शिंपल्यापायी. मे २०२३ मध्ये वायकाटो नदीवर, कारापिरो जलाशयाजवळ एक सोनेरी शिंपला सापडला. दोन-तीन सेंटिमीटरचा, आपण नदीकाठी खिशात भरायचो तसलाच. पण हा एकटाच नर आणि एकटाच मादी. एक शिंपला कुठे पडला तरी त्याची हजारो पिल्लं होऊ शकतात. पिल्लं इतकी बारीक की कयाकच्या तळाशी उरलेल्या वाटीभर पाण्यातून पुढच्या तळ्यात पोहोचतील. मग वीजकेंद्रांचे, शेतीच्या पाण्याचे पाइप तुंबतात. वायकाटोवर आठ धरणं आहेत, म्हणजे घाबरायला कारण आहे. शिंपला मूळचा पूर्व आशियातला. ‘आशियातून आलेला, कुठेही तग धरणारा, झपाट्याने वाढणारा’ असं वाचताना मी खुर्चीत जरा सावरून बसले.

आपण नदीत उतरतो ते स्वच्छ व्हायला. इथे नदीत उतरण्याआधी स्वच्छ व्हावं लागतं. नाशिकमध्ये वीस वर्षं काढली, पण गोदावरीला मी कायम काठावरूनच पाहिलं. गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) जायचं म्हणजे दर्शनाला, नाहीतर पूर बघायला. पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आलं, एवढी चौकशी. पाण्याच्या पातळीला बसून नदी कशी दिसते ते मला कारापिरोत कळलं. पहिल्या दिवशी पाय टाकण्याआधी मी वाकून पाण्याला हात लावून नमस्कार केला, तर शिकवणाऱ्या मुलीला वाटलं, पाणी किती गार आहे ते बघतेय.

कयाकला इंजिन नाही म्हणून पक्षी फार लांब पळत नाहीत. लव्हाळ्यात निळी-जांभळी, लाल चोचीची पुकेको शेपटी उडवत फिरते, ती आपल्या नांदूरमधमेश्वर अभयारण्यातल्या जांभळ्या पाणकोंबडीची सख्खी बहीण शोभावी. पाणकावळे तसेच पंख पसरून ओंडक्यावर. वळणं घेत जाताना इथल्या माओरी लोकांची म्हण आठवते: वायकाटोच्या प्रत्येक वळणावर एक तानिफा. तानिफा म्हणजे पाण्यातलं राखणदार सत्त्व, आणि या म्हणीत वळणावळणावरचा मोठा सरदारही. आपल्याकडेही घाटाघाटावर देव आहेत. शिवाय आमची गोदा १४६५ किलोमीटर, ही सव्वाचारशे. हे मी इथल्या मैत्रिणींना सांगते. रामकुंडाच्या खाली नदीचं काय होतं, पाणवेल कुठवर पसरते, ते सांगत नाही. पाणवेल दिसली तर इथे सरकारला कळवायची असते.

कुणी म्हणेल, पन्नास लाखांच्या देशात जमतं हे. मीही तेच म्हणते, अगदी पटकन. आपल्या नदीवर एका पर्वणीलाच केवढी माणसं उतरतात! पण मग आठवतं की मी तिथे असताना एकदाही निर्माल्याची पिशवी घरी परत नेली नाही. पुलावरून टाकायची, नमस्कार करायचा, निघायचं.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. २०२७ च्या सिंहस्थाला आम्ही येतोय म्हणून खुशीत होती. म्हणाली, “येताना तुझ्या त्या नदीचं पाणी आण गं बाटलीभर, रामकुंडात सोडू. दोघींची भेट होईल.”

मी शिंपल्याचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

“मग उकळून आण.”

“आई, उकळलेलं पाणी नदीत सोडलेलं चालतं का?”

“गुरुजींना विचारते,” म्हणाली. अजून उत्तर आलेलं नाही. इथे कयाक टांगली आहे, फोम काढून वेगळा उन्हात ठेवलाय. येत्या शनिवारी पुन्हा त्याच तळ्यावर जाणार आहोत.