आमची वाटचाल: जुगाड जिथे कमी पडला, तिथून आमचं टूल सुरू झालं

आमची छोटी फर्म मोटरसायकलचं चाक काढायला लागणारी टूल्स बनवते, बस एवढंच. इंजिनाचं काही नाही, सस्पेन्शनचं काही नाही. एवढ्याशा गोष्टीवर धंदा कसा चालतो असं लोक विचारतात, पण घरी चाक काढायला बसलेल्या माणसाला विचारून बघा, पान्हे असतात, सॉकेट सेट असतो, सगळं असतं आणि गाडं अडतं पुढच्या एक्सलपाशी, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्यापाशी. कारण बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या एक्सलच्या तोंडाला पान्हा लावायला काही नसतंच, आत षटकोनी खाच असते, 17, 19, 22 नाहीतर 24 एमएमची, आणि घरातल्या एलन कीचा सेट 10 एमएमला संपतो.

धंदा करायचा म्हणून आम्ही सुरुवात केलीच नव्हती. मी लेथवर काम करायचो, मेहुणा फॅब्रिकेशनमध्ये, दोघांकडे गाड्या आणि आपल्या गाडीला दुसऱ्याने हात लावलेला दोघांनाही चालत नाही. मग काय, बोल्टचा जुगाड. हा बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो कारण आमचं पहिलं टूल यातूनच निघालं. ज्या बोल्टचं डोकं खाचेच्या मापाचं आहे तो घ्यायचा, त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर कचकचून आवळायचे, डोकं एक्सलमध्ये घालायचं आणि नटाला पान्हा लावायचा. सोडवताना पान्हा आतल्या नटाला, म्हणजे डोक्याकडच्या, आणि आवळताना बाहेरच्या नटाला. उलटं केलंत तर नटच सुटून हातात येतात आणि एक्सल जागच्या जागी.

यातली खरी भानगड मापाची आहे. एम16 चा, म्हणजे 16 एमएम जाडीचा, साधा बोल्ट कुठलाही आणा, डोकं 24 चंच मिळतं. पण एम10, एम12, एम14 मध्ये दोन प्रकार आहेत, जुन्या डिन (जर्मन मानक) मापाचे आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) मापाचे. डिनमध्ये डोकी 17, 19, 22 ची, आयएसओमध्ये 16, 18, 21 ची. दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात, आणि 22 च्या खाचेत 21 चं डोकं घालून जोर लावला की खाचेचे कोपरे गेलेच म्हणून समजा. बरं डिनचा मिळाला तरी त्याचं डोकं मोजलं तर छापील मापापेक्षा किंचित कमीच भरतं, आणि उंचीही फार नसते, एम14 चं डोकं जेमतेम 9 एमएम, म्हणजे पकड तेवढीच. त्यापेक्षा लांब नट बरा, तो थ्रेडेड रॉड जोडायला वापरतात तो. एम12 चा लांब नट 19 चा आणि 36 एमएम लांब, एम14 चा 22 चा आणि 42 लांब. अर्धा आत, अर्धा बाहेर, बाहेरच्या भागावर रिंग पान्हा, झालं काम. दोन नट आवळायची कटकट नाही. आणि 17 च्या खाचेसाठी तर मी लांब नटच सांगेन कारण तिथे बोल्ट एम10 चा येतो आणि जाम झालेल्या एक्सलवर तो पिळवटून तुटू शकतो.

तर हे आम्ही मित्रांना करून द्यायला लागलो, मग मित्रांच्या मित्रांना, आणि एका टप्प्यावर मेहुणा म्हणाला की रोज रोज नट वेल्ड करून देण्यापेक्षा एकच दांडा टर्न करून त्यावर चार पायऱ्या मिल करू, 17, 19, 22, 24, आणि मागे अर्धा इंची ड्राइव्हचं चौकोनी भोक, म्हणजे घरातलं रॅचेट नाहीतर टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पान्हा) थेट लागेल. तेच आमचं पहिलं प्रॉडक्ट आणि आजही सगळ्यात जास्त तेच जातं.

त्याच्या स्टीलवरून आमच्यात भांडणं झाली. मेहुण्याचं म्हणणं होतं एकदम कडक करू, आयुष्यभर झिजायला नको. माझं म्हणणं वेगळं, आपली की, म्हणजे हा दांडा, झिजली तर झिजू दे, एक्सलची खाच झिजता कामा नये, कारण आपली की बदलता येते, एक्सलला किती हिंडावं लागेल कोण जाणे. आणि जास्त कडक केलं की कोपरा टवका होऊन उडतो तो वेगळाच धोका. शेवटी मध्यम कार्बनचं ईएन8 घेतलं, हार्डन करून (कडक करून) मग टेंपर करायचं, म्हणजे परत तापवून ठिसूळपणा कमी करायचा. मी म्हणतो तेच बरोबर होतं, तो अजून मानत नाही.

ऑर्डरी वाढल्या तशी परत येणारी पार्सलंही वाढली आणि त्यातली बरीच एकाच कारणाने. तेव्हा आम्ही चार पायऱ्यांच्या जोडीला एकाच मापाच्या कीही विकायला लागलो होतो. गाडी 19 ची, मागवलेली की 22 ची. सगळ्यांचं एकसारखं चुकतंय म्हटल्यावर कागदावर मांडून बघितलं, तर षटकोनाचा कोपरा ते कोपरा म्हणजे समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराच्या 1.155 पट. 19 ला 1.155 ने गुणा, आलं 21.9! माणूस व्हर्निअर कोपऱ्यात लावतो, बावीस वाचतो, निवांत ऑर्डर देतो, त्याची काय चूक. तेव्हापासून सोबतच्या पत्रकावर मोठं चित्र टाकलं की बाजू ते बाजू मोजा, आणि पार्सलं परत येणं जवळजवळ थांबलं.

ते पत्रक हा आमचा खरा माल आहे असं बायको म्हणते, पॅकिंग आणि फोन ती बघते त्यामुळे तिला कळतं लोकांना काय हवंय. त्यात आम्ही आमच्या टूलशिवाय काम कसं करायचं तेही लिहितो, बोल्टचा जुगाड धरून. डीलरने एकदा विचारलं की असं लिहिलंत तर तुमचं टूल कोण घेणार. घेतात की. ज्याला वर्षातून एकदा चाक काढायचंय त्याने लांब नट वापरावा, त्याला टूल गळ्यात मारून मला काय मिळणार.

पण सगळीकडे जुगाड चालत नाही, आणि काय बनवायचं काय नाही हे आम्ही त्यावरच ठरवतो. गाडी उचलणं ही अशी एक जागा. मेन स्टँड असेल तर मागचं चाक सोपं आहे, पुढच्यासाठी इंजिनाखाली फळी ठेवून जॅक लावतात, जॅक सायलेन्सरच्या पाइपावर किंवा ऑइल फिल्टरवर येत नसेल तर तेही ठीक. पण मेन स्टँड नसलेली जड गाडी विटांवर आणि दोरीवर उभी केलेली बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. एक्सल जाम असतो, माणूस पाइप लावून हिसका देतो आणि गाडी आडवी. म्हणून एक्सल आधी, चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून सैल करायचा आणि मगच गाडी उचलायची, आणि पुढे पिंच बोल्ट (फोर्कच्या पायात एक्सल आवळून धरणारे) असतील तर ते त्याच्याही आधी ढिले. हे कुठल्याही टूलपेक्षा महत्त्वाचं. यासाठीच आम्ही पॅडॉक स्टँड, म्हणजे हँडल दाबून गाडी उचलून धरणारा स्टँड, बनवायला घेतला आणि त्याचा हँडल किती लांब यापेक्षा त्याची चाकं कुठे बसवायची यातच जास्त वेळ गेला, कारण हँडल पूर्ण खाली गेल्यावर गाडीचा भार चाकांच्या रेषेच्या पलीकडे जायला पाहिजे, नाहीतर स्टँड परत वर यायला बघतो.

टॉर्क रेंच मात्र आम्ही बनवत नाही आणि बनवणारही नाही, ते आमचं काम नाही. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी पत्रकात बॅग मोजायच्या काट्याची युक्ती दिलीय. एक्सलच्या मधोमधपासून पान्ह्यावर 50 सेंटीमीटरवर काटा अडकवायचा, पान्ह्याला काटकोनात ओढायचं, 20 किलो दाखवले की साधारण 98 न्यूटन मीटर झाले. 25 सेंटीमीटरचा पान्हा असेल तर 40 किलो ओढावे लागतील, ते एकट्याला जड जातं. आकडा किती तो आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा, आमच्याकडून नाही.

बाकी पत्रकात काय काय आहे ते सगळं इथे लिहीत बसत नाही. कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. डिस्क बाहेर असताना ब्रेक लिव्हर दाबू नका, पॅडमध्ये पुठ्ठा घालून ठेवा. एक्सलवरचे दोन्हीकडचे बुश (नळीसारखे तुकडे) सारखे दिसतात पण लांबी वेगळी असू शकते, म्हणून काढताना फोटो काढा. स्प्लिट पिन नवीनच टाका. एक्सलवर थेट हातोडा मारू नका, मध्ये लाकूड किंवा पितळेचा तुकडा धरा. पुढचं चाक बसवून एक्सल आवळल्यावर पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा आणि पिंच बोल्ट त्याच्यानंतर, नाहीतर फोर्कचे पाय तिरपे अडकून राहतात. आणि चालवायच्या आधी लिव्हर पंप करून ब्रेक लागतोय ना ते बघा, हे लोक विसरतात.

टायर रिमपासून सुटवायचं टूलही एकदा काढलं होतं, मोठ्या सी-क्लॅम्पसारखं. बंद केलं. साधा मोठा सी-क्लॅम्प आणि साबणाचं पाणी तेवढंच काम करतं.

सध्या मेहुण्याचं डोकं मागचं चाक एकट्याने परत बसवण्यात अडकलंय. चाक थोडंसं वर पाहिजे, कॅलिपरचा ब्रॅकेट धरायचा, बुश पडू द्यायचे नाहीत, चेन अडजस्टर सरळ ठेवायचे आणि त्यातून एक्सल सारायचा, हात दोनच. लोक चाकाखाली फळी सारतात आणि पायाने तरफेसारखी दाबून उचलतात. मेहुण्याने पायाने दाबायचं लिव्हर बनवलंय, उंची स्क्रूने बारीक सेट होते, दिसायलाही छान आहे. वर्कशॉपात आम्ही दोन्ही आलटून पालटून वापरतोय, आणि आत्तापर्यंत तरी मला त्यात फळीपेक्षा जास्त काही मिळालेलं नाही, तो म्हणतो जड टायरवर बघू.