येळवस आणि गटाचं पहिलं वर्ष

आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या; रानात पूजा करून तिथंच जेवायचा सण. मागच्या येळवशीलाच जेवता जेवता चौदा घरांचा शेतकरी गट करायचं ठरलं होतं. यंदा चौदाही घरांनी तात्यांच्या रानात एकच कोप, म्हणजे कडब्याची खोपी, घातली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, भोवती पोटऱ्यात आलेली ज्वारी. भज्जी, उंडे, अंबील सगळं चौदा घरचं. एका पंगतीत चौदा चवी!

खरं सांगते, मला वर्षभरातलं आठवतं ते जूनमधलं गोणपाट. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवड्यानं उलगडायची. ७० च्या वर उगवले तर बियाणं पेरायला चांगलं. तात्यांचे ५८ निघाले. त्यांचा चेहराच उतरला. संध्याकाळच्या आत तीन घरांतून त्यांच्या ओट्यावर घरचं बियाणं येऊन पडलं.

मग सप्टेंबरातला पाऊस. उभं पीक पाण्यात. नदीकाठच्या तीन रानांत तर काहीच उरलं नाही. वाफसा आल्यावर बाकी अकरा घरांनी सावडीनं, म्हणजे एकमेकांच्या रानात राबायच्या जुन्या रीतीनं, त्यांची हरभऱ्याची पेरणी करून दिली. मजुरी कुणी लावली नाही. आमच्या आज्ज्या सांगायच्या ती सावड मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली.

त्यातल्याच एका रानातल्या वहिनींनी आज हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून आणली होती. माझ्या पदरात टाकली आणि म्हणाल्या, "पहिला खुडा तुमचा."