साथीला पिएरानुंझी

शनिवार, रात्री पावणेबारा

आज क्लासमध्ये बोलणी खाल्ली. ताई यमनचा आलाप करत होत्या. निषादावर थांबल्या, श्वास घेतला, आणि तेवढ्यात मी ती जागा पेटीवर भरून टाकली. त्यांनी गाणं थांबवलं. "श्वास तरी माझा राहू दे रे माझ्याकडे." पोरं हसली. मीही हसलो, पण बसमध्ये सगळा वेळ तेच डोक्यात.

जेवण झाल्यावर हेडफोन लावून एन्रीको पिएरानुंझी ऐकत बसलो. रोमचा पियानोवादक, जन्म 1949 चा. वडील अल्वारो गिटार वाजवायचे, त्यामुळे जॅझ घरातच. शिक्षण मात्र रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं, आणि 1973 मध्ये स्वतः संगीताचा प्राध्यापक झाला. नोकरी सांभाळून मैफली करणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

ऐकत होतो ते 1988 चं, अमेरिकन ट्रम्पेटवादक आणि गायक चेट बेकरबरोबरचं. फक्त दोघं. बेस नाही, ड्रम नाहीत. तबल्याशिवाय गायला बसल्यासारखं, लय धरायची तीही पियानोनेच. बेकर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. दात केव्हाच गेलेले, कवळी लावून ट्रम्पेट फुंकायचा, शरीर हेरॉइनने पोखरलेलं. गातो तेव्हा ओळीतला शेवटचा शब्द कुठे संपला आणि नुसती हवा कुठे सुरू झाली ते कळत नाही. तिथे पियानो काय करतो हे बघायला एकच तुकडा सात-आठदा मागे नेला. काहीच करत नाही! ओळ संपते, श्वास ऐकू येतो, तो पुरता आत जातो, आणि मग डाव्या हाताचे दोन स्वर. पुढच्या ओळीला पाय टेकायला जागा झाली, बस. मी तिथे निदान एक हरकत घुसवलीच असती.

त्याच वर्षी 13 मेला ॲमस्टरडॅमला हॉटेलच्या खिडकीतून पडून बेकर गेला.

या दोघांची पहिली तबकडी रोमची, 1979-80 च्या हिवाळ्यातली. पिएरानुंझी नुकता तिशीत आलेला. तरी बेकरने त्याच्या रचना वाजवल्या, त्यातच 'नाइट बर्ड'. साथीदाराची चीज गवयाने उचलावी, याहून मोठी बिदागी कुठली? आमच्याकडे पेटीवाल्याचं नाव निवेदक विसरला नाही तरी दिवस चांगला गेला म्हणायचा.

सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही पिएरानुंझी बसायचा, इटलीचा सिनेसंगीतकार मोरिकोने याच्या पार्श्वसंगीतात त्याचा पियानो आहे. ऐकणाऱ्याला नाव माहीत मोरिकोनेचं. पुढे 2001 मध्ये त्याच धुना घेऊन त्याने स्वतःची तबकडी केली, बेसवर मार्क जॉन्सन, ड्रमवर जोई बॅरन. धून ओळखीची वाटते न वाटते तोच हातातून सटकते.

लोक त्याला अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हन्सच्या घराण्यात बसवतात. त्याने ते नाकारलं नाही, उलट एव्हन्सवर पुस्तकच लिहिलं. आणि जुलै 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबात वाजवायला बसला. हे तेच तळघर, जिथे 25 जून 1961 ला एव्हन्सचं ते गाजलेलं रेकॉर्डिंग झालं. त्या दिवशी बेस वाजवणारा स्कॉट लाफारो अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. ड्रमवर होता पॉल मोशन. 2010 लाही ड्रमवर तोच मोशन, आणि बेसवर मार्क जॉन्सन, एव्हन्सच्या अखेरच्या त्रिकूटातला. गुरूची खोली, गुरूचे साथीदार, आणि मध्ये आपण. माझ्याच्याने तर भाताही हलला नसता. हा पठ्ठ्या तिथे स्वतःचा 'फेलिनीज वॉल्ट्झ' वाजवून आला. तबकडी 2013 मध्ये निघाली, तोवर मोशन गेलेला.

स्कार्लातीची तबकडी मात्र मला सगळ्यांत प्रिय, 2008 ची. नेपल्समध्ये 1685 ला जन्मलेल्या दोमेनिको स्कार्लातीने 555 सोनाटा, म्हणजे कीबोर्डवर वाजवायच्या रचना, लिहिल्या, बहुतेक सगळ्या छोट्या, दोन भागांच्या. पिएरानुंझी एखादी लिहिली तशी वाजवतो आणि मग तिच्यातलाच एखादा तुकडा धरून स्वतःची बढत करत निघतो. कधी उलटं, आधी स्वतःचं काहीतरी छेडत बसतो आणि आपल्याला पत्ता लागू न देता सोनाटात शिरतो. सांधा सापडत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची साथ करतोय, आणि त्याचाही श्वास तोडत नाही.

साडेबारा झाले. पेटीवर कापड टाकलं. सोमवारी ताईंना बेकरचा तो तुकडा ऐकवावा का? नको. "आधी तू ऐक," म्हणतील.